आठशेवर ठरेना

सिंगापूरहून बॅगेत, दोन टी-शर्टांत गुंडाळून आणला
लाल पाइप, टोकाला शंकूसारखा फिल्टर,
आणि पाकिटावर एक वाक्य: पंधरा मिनिटांत बसवा.
मला अडीच तास लागले.
शिरोड्यात, घरामागच्या काजूखाली,
बोंडांचा वास, माश्या,
आणि मडगार्डवर अंथरलेलं कालच्या पेपरातलं
श्रद्धांजलीचं पान.

चावी फिरवली.
काटा बाराशेवर गेला, पाचशेवर आला,
पुन्हा बाराशे, पुन्हा पाचशे.
गाडी जागच्या जागी धापा टाकत होती.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा, इंजिनाच्या आकाराचा,
जणू मला ठाऊकच नव्हतं
बिघाड कशात आहे.

मी जहाजावर मोटरमन.
तिथल्या एका सिलिंडरमध्ये माझं अख्खं घर उभं राहील,
आणि त्याचा एक ठोका चुकला तर मला झोपेत कळतं.
इथे चार सिलिंडर, एकेकात पेलाभर हवा,
आणि मी सकाळपासून आंधळा.

क्लॅम्प आवळले. फिल्टर झटकला.
बॅटरीची वायर काढली, चहा प्यालो, परत जोडली.
सेन्सर पुसला. (फुंकर मारू नये म्हणतात. मारली.)
बाराशे, पाचशे.

संध्याकाळी बोरीहून इनास मेस्त आला, स्कूटरवर.
एका कानाने ऐकतो. दुसरा कान
खाणीच्या ट्रकांनी केव्हाच खाल्ला.
"कितें घातलां रे हें?"
लाल पाइपाला त्याने बोट लावलं,
तापल्या तव्याला लावावं तसं.
"हवा, मेस्ता. जास्त हवा."
"हवा बरी," तो म्हणाला. "हिशोबातली."

तेव्हा शरू, माझी तेरा वर्षांची, पायरीवरून:
बाबा, तुम्ही चावी फिरवायला सांगितलंत ना,
तेव्हा मी ब्रेक दाबून बघितला.
दगड झालाय.

मेस्त माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून हसला.
"अगरबत्ती हाड."

आधी वाकून हुंगलं, पेट्रोल कुठे गळत नाही ना.
पंखा थांबेपर्यंत थांबला.
मग धूर नेला एकेका जोडापाशी.
सरळ वर.
सरळ वर.
इथेही सरळ.
आणि मागे, जिथे हात पोचत नाही,
जुना काळा डबा ओढताना जिथे माझं कोपर घुसलं होतं,
तिथे धुराने मान वळवली
आणि रबरी नळीच्या चिरेत शिरला,
सुईत दोरा ओवावा तसा.

कोणी मोजलीच नव्हती ती हवा
दिवसभर तिथून आत येत होती.

बायको दारात, हातात सूप.
"नऊ महिने घर आठशेवर चालतं," म्हणाली,
"तू आलास की पंधरा दिवस हे असंच. वर-खाली."
मेस्त हसला नाही. ऐकलंही नसेल,
तिच्या बाजूला त्याचा तो कान होता.

बोटभर नळी कापली, चिरलेलं टोक माझ्या तळहातावर ठेवलं,
उरलेली पुन्हा चढवली.
पैसे नकोत. हुर्राकाची एक बाटली, आणि:
"सुटयेंत ह्या चेडवाक म्हजेकडेन धाड."
मी म्हटलं, बघू.
शरूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
ती अगरबत्ती विझवत होती, काळजीने, मातीत.

रात्री बोरीच्या पुलापर्यंत जाऊन आलो, आम्ही तिघं.
लाल पाइपामुळे गाडी जोरात पळते का?
खरं सांगायचं तर आवाज जोरात करते.
पिवळा दिवा अजून लागलेलाच,
मेस्त म्हणाला, चार-पाचदा चालवलीस की
विसरेल आपोआप.
मधोमध जुवारीचा वारा, शरूने काच खाली केली,
तरी आतला उदबत्तीचा वास जाईना.

एकवीस तारखेला माझं जॉइनिंग.
ते कोणी काढलं नाही.
पुलाच्या टोकाला गाडी उभी केली, काटा पाहिला,
आठशे,
आणि ब्रेकवर पाय ठेवला, नुसता.
तो हळूच खाली गेला.